वारूळ : हवा खेळवणारी माती आणि तिचे छायाचित्रण

वारूळ म्हणजे वाळवीचे राहते घर, ही समजूत अर्धीच खरी आहे. राणीची कोठडी, अंडी-पिल्लांच्या खोल्या आणि बुरशीच्या बागा हा वस्तीचा गाभा वारुळाच्या बुडाशी आणि जमिनीखाली असतो. वर दिसणारा मातीचा सुळका कधी कमरेएवढा, तर कधी डोक्याच्याही वर जातो. आतून तो पोकळ्या आणि नळ्यांनी भरलेला असतो आणि खालच्या वस्तीतली कोंदट हवा बाहेर घालवणे हे त्याचे मोठे काम असते. त्यामुळे वारुळाचे छायाचित्र काढणे म्हणजे मातीच्या ढिगाचे नव्हे, तर वीज, पंखा किंवा यंत्र न वापरता चालणाऱ्या एका वातायन-व्यवस्थेचे छायाचित्र काढणे होय. हवा कॅमेऱ्यात येत नाही. पण तिच्यासाठी घडवलेला आकार येतो. तो आकार वाचता आला, की कुठे उभे राहायचे, कोणत्या वेळी यायचे आणि काय टिपायचे हे ठरवता येते.

वारूळ कोणाचे?

बोलण्यात ‘मुंग्यांचे वारूळ’ असे सर्रास येते. मुंग्याही मातीची घरे करतात, पण माळावर, बांधावर, देवराईत उभी दिसणारी कंगोरेदार वारुळे वाळवीची असतात. वाळवी आणि मुंगी यांचे नाते दूरचे आहे. मुंगी ही गांधीलमाशी आणि मधमाशीच्या गटातली, तर वाळवी झुरळाच्या कुळातली. भारतात सर्वत्र आढळणारी आणि उंच, कंगोरेदार वारुळे बांधणारी जात म्हणजे ओडोंटोटर्मिस ओबेसस.

ही वाळवी शेती करते. कामकरी वाळव्या वाळलेले गवत, पाचोळा, लाकूड खाऊन आणतात आणि त्या अर्धवट पचलेल्या मालावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवतात. लाकडातले चिवट घटक बुरशी फोडते आणि वाळवीला पचेल असे अन्न तयार होते. वाळवी आणि बुरशीची ही भागीदारी सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत सुरू झाली, असे जनुकीय अभ्यासावरून मानले जाते.

वातायनाची गरज इथेच निर्माण होते. लाखो कीटक आणि त्यांच्या बागेतली बुरशी असे सगळेच श्वसन करतात. प्राणवायू वापरला जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो, उष्णता आणि बाष्प तयार होते. उंदीर-घुशींसारखे बिळाला मोठे तोंड ठेवले, तर हवा येईल. पण त्याच वाटेने मुंग्या शिरतील, पावसाचे पाणी येईल आणि आतला ओलावा उडून जाईल. वाळवीची कातडी पातळ असते, कोरड्या हवेत ती फार काळ तग धरत नाही. म्हणून ओबेससचे वारूळ बाहेरून बंद असते. दार बंद ठेवून हवा खेळती ठेवायची, हा तिच्यापुढचा प्रश्न आहे आणि वारुळाचा आकार हे त्याचे उत्तर आहे.

कंगोऱ्यांचे काम

ओबेससचे वारूळ जवळून पाहिले, तर मधल्या जाड सुळक्याला चारी बाजूंनी उभे कंगोरे चिकटलेले दिसतात. मधल्या भागात वरपर्यंत जाणारी मोठी पोकळी असते आणि प्रत्येक कंगोऱ्याच्या आत एक उभी नळी असते. खाली आणि वर या नळ्या मधल्या पोकळीला जोडलेल्या असतात. कंगोऱ्याची बाहेरची भिंत पातळ आणि सच्छिद्र असते. डोळ्यांना ती सलग दिसते, पण वायू तिच्यातून झिरपतात.

ही रचना कशी चालते यावर अर्धशतकाहून अधिक काळ वाद झाला. स्विस शास्त्रज्ञ मार्टिन ल्युशर यांनी १९६१ साली आफ्रिकेतल्या वारुळांविषयी एक कल्पना मांडली. वस्तीच्या उष्णतेने हवा तापते, मधून वर चढते, बाहेरच्या कडेच्या नळ्यांमधून थंड होत खाली उतरते आणि उतरताना भिंतीतून वायूंची देवघेव होते, अशी ती कल्पना होती. ही मांडणी इतकी सुटसुटीत होती, की ती पाठ्यपुस्तकांत गेली. झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे मिक पिअर्स या वास्तुरचनाकारांनी उभारलेली ईस्टगेट सेंटर ही १९९६ सालची इमारतही वारुळाच्या प्रेरणेसाठी ओळखली जाते.

पुढे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ स्कॉट टर्नर यांनी नामिबियातल्या मॅक्रोटर्मिस मायकेलसेनी या जातीच्या वारुळांत शोधक वायू सोडून त्याचा माग काढला. ल्युशर यांनी सांगितलेला एकसंध गोल प्रवाह त्यांना सापडला नाही. वाऱ्याच्या झुळका वारुळावर आदळतात आणि आतली हवा मागेपुढे हलवतात, तिचे मिश्रण होते, असे त्यांनी २००१ मध्ये मांडले.

भारतातल्या वारुळाचे कोडे बंगळूरमध्ये सुटले. हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी ओबेससच्या वारुळांत अतिसूक्ष्म वेगही मोजू शकणारी उपकरणे बसवली आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा ऊन लागून पातळ कंगोरे आधी तापतात, तर जाड मधला भाग मागे राहतो. मग कंगोऱ्यांतली हवा वर चढते आणि मधल्या पोकळीतली खाली उतरते. रात्री कंगोरे लवकर निवतात, मधला भाग उबदार राहतो आणि प्रवाह उलटा फिरतो. हवेचा वेग सेकंदाला काही सेंटिमीटर इतकाच असतो, पण तेवढा पुरतो. सोडून दिलेल्या, वाळवी नसलेल्या वारुळातही हा प्रवाह आढळला. म्हणजे त्याला ढकलणारी शक्ती वस्तीची उष्णता नसून दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक ही आहे.

याच मोजणीत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दिवसभरात सुमारे ६ टक्क्यांपर्यंत चढताना आणि रात्री झपाट्याने उतरताना दिसले. बाहेरच्या हवेत हे प्रमाण ०.०४ टक्क्यांच्या आसपास असते. वारूळ दिवसा कोंडते आणि रात्री मोकळे होते. दिवसा वरची हवा गरम आणि खालच्या वस्तीतली थंड असल्याने दोन्ही थर एकमेकांत नीट मिसळत नाहीत. रात्री वरची हवा गार होऊन खाली बसते आणि खालची साचलेली हवा वर येऊन कंगोऱ्यांच्या भिंतींतून बाहेर पडते.

मातीचे बांधकाम

कामकरी वाळवी ओल्या मातीची बारीक गोळी तोंडाने घडवते, तिच्यात लाळ मिसळते आणि ती जागेवर दाबून बसवते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ओबेससच्या वारुळाची माती तपासली, तेव्हा वाळवीचा हात न लागलेल्या त्याच मातीच्या तुलनेत ती सुमारे दहापट मजबूत निघाली. अशी भिंत पावसाळे सोसते आणि तरीही वायूंना वाट देते. सेनेगल आणि गिनीतल्या दुसऱ्या एका जातीच्या वारुळांच्या भिंतींचा क्ष-किरण स्कॅनने अभ्यास करून २०१९ साली असे दाखवण्यात आले, की भिंतीत लहान आणि तुलनेने मोठी अशी दोन प्रकारची छिद्रे असतात. भिंत भिजली की मोठ्या छिद्रांतले पाणी लवकर निघून जाते आणि वायूंची वाट पुन्हा मोकळी होते.

जागा बदलली की आकार बदलतो

वारुळाचा आकार जातीवर तसाच जागेवरही अवलंबून असतो. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमध्ये कोमोए राष्ट्रीय उद्यानात मॅक्रोटर्मिस बेलिकोसस ही एकच जात दोन तऱ्हांची वारुळे बांधते. उघड्या गवताळ रानात ती उंच, पातळ भिंतींची, पुष्कळ कंगोऱ्यांची असतात. नदीकाठच्या दाट झाडीत ती ठेंगणी, घुमटाकार आणि जाड भिंतींची असतात. युडिथ कोर्ब यांच्या अभ्यासातून याचे कारण पुढे आले. गार सावलीत ऊब टिकवण्यासाठी जाड भिंत लागते आणि त्यासाठी हवेच्या देवघेवीत तडजोड करावी लागते. केनियातली मॅक्रोटर्मिस जीनेली तर वारुळावर उघड्या तोंडाचे उंच धुराडे बांधते.

उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन शहराच्या दक्षिणेला असलेल्या लिचफील्ड राष्ट्रीय उद्यानातली वारुळे छायाचित्रकारांची विशेष आवडती आहेत. तिथली अॅमिटर्मिस मेरिडिओनॅलिस ही वाळवी पातळ, पात्यासारखी वारुळे बांधते आणि सगळ्यांचा लांब अक्ष उत्तर-दक्षिण असतो. सकाळ-संध्याकाळचे ऊन रुंद बाजूंवर पडते, तर भर दुपारचे फक्त धारेवर. पूर्वेकडून काढलेल्या चित्रात भिंतींची रांग दिसते आणि उत्तरेकडून काढलेल्या चित्रात तीच वारुळे अरुंद सुळके वाटतात. दिशा नोंदवल्याशिवाय वारुळाचे चित्र अपुरे का राहते, ते इथे स्पष्ट होते.

जागेशी जोडलेली आणखी एक गोष्ट म्हणजे ओलावा. वाळवीला तो बांधकामासाठी लागतो, हे जुन्या लोकांच्या ध्यानात आले होते. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचे पाणी शोधण्यावर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात झाडाजवळचे वारूळ ही पाण्याची एक खूण मानली आहे.

प्रकाश आणि वेळ

कंगोरे हा वारुळाचा महत्त्वाचा अवयव असल्याने ते उठून दिसणे ही चित्राची पहिली अट आहे. त्यासाठी बाजूने येणारा, तिरपा प्रकाश लागतो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तासभर प्रत्येक कंगोऱ्याची एक कड उजळते आणि दुसरी सावलीत जाते, त्यामुळे खोली कळते. दुपारी बाराच्या उन्हात वरचा भाग पांढुरका पडतो आणि बुडाशी काळोख साचतो. सूर्य पाठीशी घेऊन काढलेल्या चित्रात रंग छान येतो, पण आकार सपाट होतो. ढगाळ दिवसाचा पसरट प्रकाश कंगोऱ्यांसाठी फारसा कामाचा नाही. मातीच्या पृष्ठभागाचे बारकावे, नवी-जुनी डागडुजी आणि रंगांतला फरक दाखवायला मात्र तो उत्तम.

ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्यात गवत आणि वेली वारूळ झाकून टाकतात. हिवाळ्यात गवत वाळून बसते आणि उन्हाळ्यात ते जवळजवळ नाहीसे होते, त्यामुळे संपूर्ण आकार टिपायला जानेवारी ते मे हा काळ सोयीचा. पण नवे बांधकाम पाहायचे असेल तर पावसाळाच गाठावा लागतो. तेव्हा ताज्या मातीचे गडद, ओलसर पट्टे जुन्या फिकट भिंतीवर उठून दिसतात.

मातीचा रंग हाही माहितीचा भाग आहे. कोकण-गोव्याच्या जांभ्याच्या मुलखात वारूळ तांबडे असते, देशावर मुरमाड जमिनीत ते फिके तपकिरी. कॅमेऱ्याची आपोआप रंग जुळवणारी सोय पुष्कळदा तांबडेपणा कमी करते. म्हणून त्याच प्रकाशात एक चित्र राखाडी पत्त्यासह काढून रंग त्यावरून जुळवावा.

भिंग, उंची आणि मोजपट्टी

वारुळाजवळ उभे राहून रुंद कोनाच्या भिंगाने वर रोखून चित्र काढले, की ते डोंगराएवढे वाटते. परिणाम नाट्यमय होतो, पण प्रमाण खोटे ठरते. खरे प्रमाण हवे असेल, तर चार-पाच मीटर मागे जाऊन ५० ते ८५ मिलिमीटरचे भिंग वापरावे आणि कॅमेरा वारुळाच्या निम्म्या उंचीवर तिपाईवर ठेवावा. एफ/८ ते एफ/११ इतके छिद्र ठेवले, तर पुढच्या कंगोऱ्यापासून मागच्या झुडपापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. रुंद भिंग वापरायचे ते परिसर दाखवण्यासाठी. वारूळ उघड्या माळावर आहे, झाडाच्या सावलीत आहे, की उसाच्या बांधावर, हे त्यातून कळते आणि आकाराचे कारणही पुष्कळदा तिथेच असते.

चित्रात मोजपट्टी हवी. खुणा केलेली मीटरभर लांबीची काठी वारुळाच्या टोकाच्या रेषेत उभी धरली, की उंची निर्विवाद होते. माणूस शेजारी उभा करणे सोपे असले, तरी माणसाच्या उंचीवरून नेमके माप निघत नाही.

चारी दिशांनी चार चित्रे काढून प्रत्येकाची दिशा नोंदवणे ही किमान नोंद झाली. त्यापुढची पायरी म्हणजे वारुळाभोवती फिरत, प्रत्येक चित्र आधीच्या चित्राशी बरेचसे जुळेल अशा बेताने साठ-सत्तर चित्रे काढणे. संगणक त्यांवरून वारुळाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करतो आणि मग कंगोऱ्यांची संख्या, जाडी, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मोजता येते. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. साध्या मोबाइल फोननेही काम होते. फक्त हे काम ढगाळ हवेत करावे, नाहीतर सरकत्या सावल्या संगणकाला चकवतात. एकाच जागेवरून, एकाच दिशेने दर महिन्याला चित्र घेतले, तर वारूळ कोणत्या बाजूला वाढते आणि कुठे झिजते याचा आलेख हाती येतो.

न दिसणारे टिपताना

हवेचा प्रवाह दाखवण्याच्या जवळ जाणारे साधन म्हणजे औष्णिक कॅमेरा. वस्तूच्या पृष्ठभागातून निघणारे दीर्घ लहरींचे अवरक्त किरण तो टिपतो आणि तापमानानुसार रंग देतो. सकाळी पूर्वेकडचे कंगोरे आधी उजळतात. सूर्यास्तानंतर सगळे कंगोरे वेगाने गार पडतात आणि त्यांच्या मधल्या खाचा उबदार राहतात. प्रवाह ज्या फरकावर चालतो तो फरक असा चित्रात उतरतो. मात्र हे चित्र पृष्ठभागाचे असते, आतल्या हवेचे नाही. साध्या कॅमेऱ्यावर गाळणी लावून केलेले अवरक्त छायाचित्रण हा वेगळाच प्रकार आहे. त्यात हिरवी पाने पांढरी दिसतात, तापमान दिसत नाही.

आतली रचना पाहण्यासाठी शास्त्रज्ञांनी अधिक कठोर मार्गही वापरला आहे. नामिबियात टर्नर आणि ब्रिटिश अभियंता रूपर्ट सोअर यांच्या गटाने वारुळात पातळ प्लास्टर ओतून नळ्या भरल्या. मग सगळे वारूळ थराथराने तासत प्रत्येक थराचे छायाचित्र घेतले आणि त्या चित्रांवरून नळ्यांचे संपूर्ण जाळे संगणकावर उभे केले. यात वारूळ नष्ट होते. ते संशोधनासाठी क्वचित आणि विचारपूर्वक करण्याचे काम आहे. हौशी छायाचित्रकाराला ते शोभत नाही.

हौशी माणसाला निसर्गच कधीकधी आतली बाजू उघडून दाखवतो. अस्वल आणि खवले मांजर वाळवीसाठी वारूळ फोडतात. मुसळधार पावसात एखादा कंगोरा ढासळतो. रस्त्याच्या कामात वारूळ अर्धे कापले जाते. अशा ताज्या तोंडाशी नळ्या, मधली पोकळी आणि कधी बुरशीच्या बागेचे स्पंजासारखे पिवळट गोळे दिसतात. थोड्याच वेळात सैनिक वाळव्या कडेला येतात आणि कामकरी गोळ्यांवर गोळ्या रचून भगदाड बुजवू लागतात. मॅक्रो भिंग आणि बाजूने सोडलेला मंद एलईडी प्रकाश एवढ्यावर हे दृश्य उत्तम टिपता येते. ठरावीक अंतराने आपोआप चित्रे घेण्याची सोय कॅमेऱ्यात असेल, तर दुरुस्तीचे सगळे काम काही मिनिटांच्या चित्रफितीत बसवता येते. पण यासाठी वारूळ मुद्दाम फोडू नये. फुटलेल्या जागेतून मुंग्या शिरतात आणि आतला ओलावा उडतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणखी दोन प्रसंग मिळतात. पहिल्या दमदार सरींनंतर वारुळाला फटी पाडल्या जातात आणि पंख फुटलेल्या नर-माद्या त्यांतून थव्याने बाहेर पडतात. त्यांना टिपायला कावळे, कोतवाल, बेडूक हजर असतात. पुढे काही दिवसांनी बुरशीच्या बागेतून लांब देठाची अळंबी जमीन फोडून वर येते. गोव्यात वारुळाला रोंयण म्हणतात आणि तिथल्या अळमीला बाजारात मोठा मान असतो. तिची व्यापारी लागवड अजून साधलेली नाही, त्यामुळे ती मिळते ती वारुळाजवळच.

सावधगिरी आणि संकेत

साप वारूळ बांधत नाही, पण ते वापरतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण त्यातूनच आली. नाग, धामण, घोरपड यांचा मुक्काम जुन्या वारुळात असू शकतो आणि घोरपड तिथे अंडीही घालते. म्हणून भोकात हात, काठी किंवा भिंग घालू नये, वारुळावर पाय देऊन उभे राहू नये आणि पायात घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट असावेत. तिपाई रोवण्यापूर्वी गवत काठीने आपटून पाहावे.

वारूळ हे अनेकांसाठी दैवतही आहे. सिंधुदुर्गात आणि गोव्यात सातेरी किंवा सांतेरी देवीच्या कित्येक देवळांत गाभाऱ्यात वारूळच पुजले जाते, आणि नागपंचमीला गावोगाव वारुळाला दूध-लाह्या वाहतात. देवळातले वारूळ टिपण्यापूर्वी पुजाऱ्याची आणि शेतातले टिपण्यापूर्वी मालकाची परवानगी घ्यावी. दोघांकडूनही वारुळाचे वय आणि त्याच्या वाढीचा इतिहास कळतो, आणि ती माहिती कोणत्याही कॅमेऱ्यात येत नाही.

यंत्राने केलेल्या सपाटीकरणात आणि रस्तारुंदीत बांधावरची, माळावरची वारुळे भराभर जात आहेत. त्यांची यादी कोणी ठेवत नाही. गावाकडे जाणाऱ्या कोणाही वाचकाला हे काम करता येईल. दिसेल त्या वारुळाची चारी बाजूंनी चित्रे काढावीत आणि प्रत्येकासोबत तारीख, वेळ, दिशा, उंची आणि भोवतालची जमीन लिहून ठेवावी. एवढी नोंद सोबत असली, तर ते चित्र पुढच्या अभ्यासकाच्या उपयोगी पडेल.